याच्यात गावं किती हायेत?

गेल्या नोव्हेंबरातल्या एका शनिवारी संध्याकाळी मी पवना धरणाच्या काठावर, एका निळ्या तंबूसमोर, प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो होतो. समोर पाणी, पाण्यापलीकडे तुंगचा सुळका, त्याच्यामागे मावळतीचा रंग. मागे कुणीतरी स्पीकरवर गाणी लावली होती, पण त्या वेळी तीही चालून जात होती. आमच्या टीमचं एक काम तीन आठवडे लांबत, रात्री दोन-तीनला फोन वाजवत, एकदाचं पार पडलं होतं. मॅनेजर म्हणाली, "दोन दिवस लॅपटॉप उघडू नका." म्हणून आम्ही सहा जण माणशी दीड हजार भरून इथे आलो होतो. तंबू, बार्बेक्यू, शेकोटी, सकाळी पोहे आणि चहा. तासाभरातच खांदे सैल पडले होते. उद्या काय आहे हे खूप दिवसांनी आठवत नव्हतं.

तेवढ्यात मामांचा व्हिडिओ कॉल आला.

"कुठी हायेस बाबू?"

मी फोन उलटा धरला आणि कॅमेरा हळूहळू पाण्यावरून फिरवला, जाहिरातीत फिरवतात तसा. मामा काही बोलले नाहीत. मला वाटलं, रेंज गेली. मग आवाज आला, "धरण हाय का हे?"

"हो मामा. पवना धरण."

"याच्यात गावं किती हायेत?"

मला माहीत नव्हतं. "विचारून सांगतो," असं म्हणून मी मामीची चौकशी केली, कापसाचा भाव विचारला आणि फोन ठेवला. रात्री शेकोटीपाशी बसलो असताना लक्षात आलं, की मामांनी "किती गावं होती" असं विचारलं नव्हतं. ते "हायेत" म्हणाले होते.

*

मी घाटंजीचा. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, आजूबाजूला कापूस आणि तूर, वडलांची सहा एकर कोरडवाहू जमीन. आमच्या घरात 'फिरायला जाणं' असा प्रकार नव्हता. शाळेच्या सहलीबरोबर चिखलदरा बघितला, तेवढाच काय तो डोंगर. उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचं ते मामांकडे, पैनगंगेच्या काठी. दिवसभर नदीत डुंबायचं, वाळूतल्या डांगरवाडीतली टरबुजं फोडून खायची, रात्री अंगणात बाजेवर चांदण्या मोजत झोपायचं. आमच्याकडे भाच्याला मान असतो, त्यामुळे महिनाभर कुणी काम सांगत नसे. विश्रांती म्हणजे काय हे मी तिथे शिकलो. तंबूसाठी दीड हजार भरताना मी खरं तर त्या अंगणाचीच नक्कल विकत घेत होतो.

मामांचं ते गाव निम्न पैनगंगा प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात आहे. महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन राज्यांचा हा सामायिक प्रकल्प. तो झाला, तर यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांतली कितीतरी गावं पाण्याखाली जातील. मी शाळेत होतो तेव्हापासून हे धरण 'होणार' आहे. मध्येच जोर येतो, मग शांत होतं, मग पुन्हा मोजणीवाले आल्याची बातमी येते. गावकऱ्यांचा विरोध आहे, मोर्चे झालेत, ग्रामसभांचे ठराव झालेत. दरम्यान लोक जगतायत. मामांनी घरावर अजून स्लॅब टाकलेला नाही. टिनपत्रे बदलतात, पण स्लॅब नाही, कारण उद्या बुडणाऱ्या घरावर स्लॅब कोण टाकतो? मामेभावासाठी स्थळ बघायला गेलं की मुलीचा बाप हुंडा-बिंडा नंतर, आधी विचारतो, "गाव राहणार हाय का जाणार हाय?" धरणाची भिंत उभी राहिलेली नाही, पण त्या गावातला प्रत्येक निर्णय तिच्याकडे बघून घेतला जातो.

आणि हेही सांगितलं पाहिजे, की आमच्या घरात या विषयावर एकमत नाही. वडलांचं शेत पावसाच्या भरवशावर आहे. जून कोरडा गेला की दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचं कर्ज दोनदा. वडील मामांसमोर कधी बोलत नाहीत, पण एकदा मला म्हणाले होते, "कालवा आपल्या वावरात येवो न येवो, कोनाच्या तं येईन." त्यांना मामांचं गाव बुडावं असं मुळीच वाटत नाही. त्यांना पाणी हवंय, इतकंच. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या मनात असू शकतात, हे मला घरातच बघायला मिळालं. त्यामुळे धरण म्हणजे विकास किंवा धरण म्हणजे पाप, असं एका वाक्यात कुणी सांगायला लागलं की मी जरा सावध होतो.

*

त्या रात्री तंबूत पडल्या पडल्या मी मामांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला लागलो. 'पवना लेक' असं टाकलं. पानंच्या पानं आली: कोणता तंबू स्वस्त, कुठून सूर्यास्त चांगला दिसतो, जोडप्यांना चालतं का, बार्बेक्यू शाकाहारी मिळेल का. मग मी 'पवना धरणग्रस्त' असं टाकलं. त्याच पाण्याबद्दल दुसरंच जग उघडलं. बैठका, निवेदनं, आंदोलनाचे इशारे, आश्वासनं. सुमारे बाराशे खातेदारांच्या जमिनी गेल्या, त्यातल्या साडेतीनशेच्या आसपास लोकांना पर्यायी जमीन मिळाली आणि आठशेहून जास्त जण पन्नास वर्षांनंतरही वाट बघतायत, असा हिशेब त्या बातम्यांत पुन्हा पुन्हा येत होता. खातेदार म्हणजे सातबाऱ्यावर ज्याचं नाव तो. त्याच्यामागे घर, आणि आता तिसरी पिढी.

माझं काम सर्चशी संबंधित नाही, पण एवढं कळतं, की यंत्र आपण विचारलेल्या शब्दापलीकडे जात नाही. लेक म्हटलं की तंबू येतात. धरण म्हटलं की पाणीसाठ्याची टक्केवारी येते. धरणग्रस्त म्हटलं की माणसं येतात. पाणी तेच. मी चार वर्षं पुण्यात राहतोय, मान्सूनमध्ये "पवना शंभर टक्के भरलं" ही बातमी दरवर्षी आनंदानं वाचतो, आणि तिसरा शब्द मी त्या रात्रीपर्यंत कधी टाईपच केला नव्हता. खरं तर तो शब्द माझ्या घरचा आहे. बुडीत, संपादन, मोबदला, पुनर्वसन हे शब्द ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. तरी पुण्यात आल्यावर मी त्याच प्रकारच्या पाण्याला न अडखळता 'लेक' म्हणायला लागलो होतो.

*

आता थोडा भूगोल, कारण त्याशिवाय प्रश्नाचा आकार कळत नाही.

हिमालयात बर्फानं कोरलेली तळी असतात. सह्याद्रीत तसं नाही. काळ्या बसॉल्टचे उभे डोंगर. चार महिने पाऊस कोसळतो आणि उतारावरून निघून जातो. महाराष्ट्रातलं सगळ्यात प्रसिद्ध नैसर्गिक सरोवर लोणारचं, आणि तेही आकाशातून पडलेल्या अशनीनं केलेलं. तेव्हा सह्याद्रीच्या कुशीत मोठं निळं पाणी दिसलं, की जवळपास कुठेतरी भिंत आहे असं समजावं. आणि भिंतीमागची दरी बहुतेक वेळा रिकामी नसते. डोंगरात शेती करायची तर नदीकाठच्या गाळाच्या पट्ट्यातच करावी लागते, आणि पाणी अडवायचं तर तेही तिथेच.

आपल्या वीकेंडच्या यादीवर नजर टाका. काजव्यांसाठी भंडारदऱ्याला जातो, ते विल्सन धरण १९२६ मध्ये प्रवरेवर पूर्ण झालं, खालच्या शेतीला पाणी देण्यासाठी. 'मिनी काश्मीर' म्हणून तापोळ्याला जातो, ते शिवसागराचं पाणी म्हणजे साठच्या दशकात बांधलेल्या कोयना धरणाचा जलाशय. त्या विजेवर महाराष्ट्रातले कारखाने उभे राहिले, आणि कोयनेचे धरणग्रस्त त्यानंतर कितीतरी दशकं आंदोलनं करत राहिले. पावसाळ्यात गाडी काढून मुळशीला जातो. तिथे मुंबईला वीज देण्यासाठी टाटा कंपनीनं धरण बांधायला घेतलं, तेव्हा मावळ्यांनी १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू केला. त्यांचे पुढारी पांडुरंग महादेव बापट. याच लढ्यानं त्यांना 'सेनापती' ही पदवी दिली. पुण्यात ज्या रस्त्याला आपण सहज 'एसबी रोड' म्हणतो, त्यातला एस तिथून आलाय. सत्याग्रही तुरुंगात गेले, बापटही गेले, आणि धरण झालं. आज तिथे काठावर रिसॉर्ट आहेत आणि दोन दिवसांच्या पॅकेजमध्ये 'मुळशी लेक व्ह्यू' मिळतो.

पवना धरणाचं काम साठच्या दशकातलं, पाणी अडलं ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रानं केला १९७६ मध्ये. म्हणजे इथल्या लोकांचं गाव आधी गेलं आणि गाव गेलेल्यांसाठीचा कायदा नंतर आला.

*

आता माझ्या नळाकडे येतो.

मी वाकडला राहतो. वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत येतं, आणि पिंपरी-चिंचवडच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा आधार म्हणजे पवना. म्हणजे मी पवनेचं पाणी बघायला शनिवारी गेलो असेन, पण ते माझ्याकडे रोज सकाळी येतं. दात घासतो त्यानं, कुकर लावतो त्यानं.

९ ऑगस्ट २०११ रोजी मावळातले शेतकरी पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर उतरले होते. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंदिस्त जलवाहिनीनं पाणी नेण्याच्या योजनेला त्यांचा विरोध होता. त्यांचं म्हणणं सोपं होतं: पाणी नदीतून वाहिलं तर वाटेतल्या गावांनाही मिळतं, पाइपातून गेलं तर फक्त शहराला. पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी मेले, त्यात एक बाई होती. योजना नंतर कितीतरी वर्षं थांबली. मी तेव्हा घाटंजीत नववीत होतो, आणि ती बातमी टीव्हीवर बघताना माझे वडील म्हणाले होते, "पान्यापायी मानूस मारते." आज त्या वाक्यातलं पाणी माझ्या नळात आहे.

हे सगळं सोमवारी मी ऑफिसात जेवताना सांगितलं. माझी मित्रमंडळी समजूतदार आहेत. त्यांनी तीन उत्तरं दिली आणि तिन्हींत दम होता.

पहिलं उत्तर: "असं बघितलं तर कुठेच जाता येणार नाही. प्रत्येक रस्ता कुणाच्या तरी शेतातून गेलाय. हिंजवडीसुद्धा शेतच होतं." खरंय. आपण ज्या खुर्चीत बसतो तिच्याखालीही कुणाचा तरी बांध असेल.

दुसरं: "तू गेला नाहीस तर त्या तंबूवाल्याचं काय? तो तिथलाच ना?" हेही खरं. रविवारी सकाळी पोहे देणाऱ्या मुलाशी मी बोललो होतो. चोवीस-पंचवीस वर्षांचा. आजोबांचं शेत कुठे होतं, असं विचारल्यावर त्यानं हातातली पळी पाण्याकडे केली. "ती बोट दिसतीय ना, तिच्या अलीकडं." जमिनीच्या बदल्यात जमीन अजून मिळायचीय. मग काठावरच्या उरलेल्या तुकड्यावर त्यानं बारा तंबू टाकलेत. तो हसून म्हणाला, "सर, हे कुणी विचारत नाही. चार्जिंग पॉइंट कुठंय, ते विचारतात." आपण लाजेनं घरी बसलो तर आजोबांचं शेत परत येणार नाही, नातवाचे बारा तंबू मात्र रिकामे राहतील.

तिसरं उत्तर सगळ्यात कडक होतं, आणि ते माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीनं दिलं. ती म्हणाली, "तुला वाईट वाटलं, आता तुला बरं वाटतंय. वाईट वाटून घेणं हाही एक वीकेंडच झाला." मला राग आला, कारण ते बरोबर होतं. अपराधीपणाचा एक गुण असा, की तो बसल्या जागी, फुकट, कुणाला काही न देता भोगता येतो.

*

मग प्रश्न उरतो कुठे? मला वाटतं, तो जाण्या-न जाण्यात नाही. विश्रांतीसाठी आपण नेमकं काय मागतो, त्यात आहे.

आपण विसर मागतो. डेडलाइन, हप्ते, घरून येणारे लग्नाचे फोन, अप्रेझल. दोन दिवस हे काही आठवू नये म्हणून आपण पैसे देतो, आणि ते काही चूक नाही. थकलेल्या माणसाला विसर लागतो. रात्री तीनला सर्व्हर पडल्याचा फोन घेणाऱ्या माणसाला लागतो, तसा सहा एकर कोरडवाहू करणाऱ्यालाही लागतो. फक्त दुसऱ्याला तो विकत मिळत नाही. विश्रांती ही पापाची गोष्ट आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या वडलांनी आयुष्यात एकदाही 'सुट्टी' घेतली नाही, आणि त्यात मला काही थोर दिसत नाही. त्यांची पाठ दिसते.

पण विसर दोन प्रकारचा असतो. एक आपल्या ओझ्याचा. ते ओझं आपलं आहे, दोन दिवस खाली ठेवायचा हक्कही आपला. दुसरा विसर दुसऱ्याच्या ओझ्याचा. तो आपण मागितलेलाही नसतो. पॅकेजमध्ये पोह्यांसारखाच तो समाविष्ट असतो. 'लेक' हा शब्द, सूर्यास्ताचे फोटो, तंबूंची नावं, सगळं मिळून ती जागा अशी मांडली जाते, की जणू आपण यायच्या आधी तिथे फक्त निसर्ग होता. आणि हा दुसरा विसर आपल्या विश्रांतीला लागतच नाही. पवनेच्या काठी माझे खांदे सैल झाले ते वाऱ्यानं, पाण्यानं आणि फोन न वाजल्यानं. खाली शेतं आहेत हे कळल्यावर ते पुन्हा ताठ झाले नाहीत. खरं सांगायचं तर त्या रात्री मला झोपही चांगली लागली. मग ती गोष्ट माझ्यापासून लपवून कुणाचा काय फायदा?

फायदा असतो. एकदा दरीला 'लेक' म्हणायची सवय लागली, की पुढच्या धरणाच्या वेळी तिथल्या गावांना 'अडथळा' म्हणणं सोपं जातं. पुनर्वसनाची फाइल पन्नास वर्षं पडून राहू शकते, कारण त्या पाण्याकडे रोज बघणाऱ्या, ते रोज पिणाऱ्या लाखो लोकांपैकी कुणी तिच्याबद्दल विचारत नाही. शहरातल्या माणसाला पाणी दोन दिवस आलं नाही तर तो नगरसेवकाला फोन करतो. ज्याच्या जमिनीतून ते पाणी येतं, त्याला जमीन मिळाली का, हा फोन कुणी करत नाही.

याबाबतीत मला वेल्समधली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथे त्रिवेरिनच्या खोऱ्यात कापेल केलिन नावाचं छोटं गाव होतं, वेल्श बोलणाऱ्या लोकांचं. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराला पाणी हवं होतं म्हणून १९६५ मध्ये ते बुडवलं गेलं. आज तिथेही सुंदर जलाशय आहे. पण एका रस्त्याकडेच्या पडक्या भिंतीवर कुणीतरी रंगानं लिहिलं: त्रिवेरिन लक्षात ठेवा. भिंतीची नासधूस झाली, लोकांनी ती पुन्हा उभी केली, पुन्हा रंगवली. ते शब्द वेल्समध्ये घराघरांत पोहोचले. २००५ मध्ये लिव्हरपूलच्या नगर परिषदेनं त्या गावाची जाहीर माफी मागितली. चाळीस वर्षं लागली, आणि माफीनं गाव वर आलं नाही. पण पाणी पिणाऱ्या शहरानं ज्याचं पाणी प्यायलं त्याचं नाव घेतलं. भिंतीवर 'इथे येऊ नका' असं लिहिलेलं नव्हतं, हे मला विशेष वाटतं. 'लक्षात ठेवा' एवढंच होतं.

आपल्याकडे अशी भिंत नाही. पण उन्हाळा आहे. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. पवनेचं पाणी उतरलं की वाघेश्वराचं देऊळ वर येतं. आठ महिने पाण्यात आणि चार महिने उन्हात राहणारं ते देऊळ बघायला लोक जातात, फोटो काढतात. देऊळ असेल तर आसपास वस्ती असणार, एवढं गणित करायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही.

*

मे महिन्यात मामा पुण्याला आले. मामेबहिणीची एक परीक्षा होती. ती शनिवारी झाली, रविवार मोकळा होता. "तुझं ते धरण दाखव," मामाच म्हणाले.

नोव्हेंबरात मी जिथे बसलो होतो, तिथून पाणी खूप मागे गेलं होतं. मधल्या पट्ट्यात राखाडी गाळ, त्याला भेगा, आणि अधूनमधून दगडांच्या सरळ रांगा. मला ते नुसते दगड वाटले. मामा त्यांच्यामधून चालत गेले आणि एका ठिकाणी थांबून पायानं माती सारत म्हणाले, "हा बांध हाय. पानी इकून काढून देत असन." मग हातानं हवेत रेषा काढत त्यांनी मला शेत दाखवलं: इथे वरचं वावर, इथे खालचं, इथून बैलगाडीची वाट. पन्नास वर्षं पाण्याखाली असलेलं शेत त्यांना दहा मिनिटांत वाचता आलं. पुढे गाडीनं वळसा घालून आम्ही वाघेश्वराला गेलो. मामांनी चपला काढल्या, तापलेल्या दगडावर हात ठेवला, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आपला मारोती बी असाच निंगन का रे?" मी काही बोललो नाही. गावच्या पारावरचा तो मारोती माझ्याही ओळखीचा आहे.

परत येताना त्या मुलाच्या तंबूंपाशी चहाला थांबलो. त्याचे वडील तिथे होते. मामांनी त्यांना गाव विचारलं, त्यांनी मामांना. मग जे बोलणं सुरू झालं, त्यात मी आणि तो मुलगा दोघंही नुसते ऐकत उभे राहिलो. मोबदला कोणत्या साली मिळाला. मोजणीला कोण आलं होतं. झाडांचे पैसे धरले होते का, विहिरीचे धरले का. एकाची भाषा मावळातली, दुसऱ्याची वऱ्हाडी, पण शब्द सगळे एकच. मध्येच त्या मुलाच्या वडलांनी विचारलं, "तुमचं व्हायचंय का आजून?"

"व्हायचं हाय. नाई झालं तं बरंच."

"मग कागद सांभाळा, पाव्हणं. सातबारा, फेरफार, घराचा उतारा. समद्याच्या नकला काढून ठिवा. आमच्या म्हाताऱ्यानं ठिवल्या न्हाईत."

चहा झाल्यावर मामांनी गळ्यातला दुपट्टा काढला, आंब्याखाली अंथरला आणि पाण्याकडे तोंड करून आडवे झाले. मला वाटलं, उठतील दहा मिनिटांत. ते दीड तास झोपले. गाढ, तोंड थोडं उघडं ठेवून, जसे उन्हाळ्यात दुपारी त्यांच्या ओसरीवर झोपायचे. मी बाजूला बसून राहिलो. इतक्या वर्षांत मामांना मी दुसऱ्या कुठल्या गावी असं निवांत झोपलेलं बघितलं नव्हतं.

गाडीत मी विचारलं, "मामा, हे सगळं बघून राग नाही आला?"

"पान्याचा काय दोष हाय त्याच्यात?" ते म्हणाले. "थंडगार हवा होती. डोया लागला." थोड्या वेळानं म्हणाले, "त्या पोट्ट्याले चहाचे पैसे देल्ले ना तू?"

दिले होते.

मामांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मी त्यांना आकड्यात कधीच दिलं नाही. त्यांनीही परत विचारलं नाही. पण मी आता कुठल्याही अशा पाण्याकाठी गेलो, की तंबू टाकायच्या आधी तो प्रश्न विचारतो, त्यांच्याच शब्दांत, वर्तमानकाळात. उत्तर देणारं कुणीतरी नेहमी भेटतं. बहुतेक वेळा चहा देणारा माणूसच.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मामांनी व्हॉट्सअॅपवर एकामागोमाग अकरा फोटो पाठवले. सातबारा, फेरफार, आठ-अ, घराचा उतारा, विहिरीजवळच्या आंब्यांचा एक फोटो, मोजलेले सहा. खाली लिहिलं होतं, "बाबू हे सांभाळून ठेवजो." मी ते तीन ठिकाणी कॉपी करून ठेवलेत. माझ्या फोनमध्ये त्यांच्या बरोबर वर पवनेच्या काठाचा फोटो आहे. आंब्याखाली झोपलेले मामा, आणि मागे पाणी.